बापाची चार पानं

औरंगपुऱ्यातल्या टेलरनं वरच्या खिडकीतून 'दहाच मिनिटं, साहेब' म्हटलं, तेव्हाच अभय वाहुळ समजून चुकला की आता तासाभराची निश्चिंती. बायको सरिता आणि मुलगी रूपा लग्नाच्या ब्लाऊजांची मापं द्यायला जिना चढून गेल्या होत्या. तो खाली स्कूटरवर, एका बंद शटरच्या हातभर सावलीत, अंग चोरून बसला. उसाचा रस पिऊन झाला. मोबाइल तापून बंद पडायच्या बेतात होता. वाचायला काहीतरी हवं म्हणून त्यानं हुकाला अडकवलेल्या रूपाच्या कापडी पिशवीत हात घातला. वाचल्याशिवाय त्याला बसवत नसे. भेळेचा कागदसुद्धा तो उलटसुलट वाचून मगच टाकायचा. हाताला जाडजूड इंग्रजी पुस्तक लागलं. काळं मुखपृष्ठ, त्यावर एक गुलाब, एक पिस्तूल आणि उघड्या छातीचा एक पुरुष, ज्याचं डोकं हनुवटीपाशीच कापून टाकलेलं. फुटपाथवर मिळते तसली चोरटी छपाई. शाई बोटांना लागत होती. सरकारी परिपत्रकं वाचून वाचून शिकलेल्या इंग्रजीच्या जोरावर, ओठ हलवत, तो सुरुवातीपासून वाचायला लागला. परदेशातलं कुठलं तरी शहर. गुंडांच्या दोन टोळ्या, सात वर्षांचं वैर, दोन्हीकडची माणसं मेलेली. वैर मिटवायचं म्हणून एका टोळीच्या म्होरक्यानं आपली पोरगी दुसऱ्या टोळीच्या तरण्या म्होरक्याला द्यायची. नवव्या पानावर लांबलचक टेबल होतं. टेबलाच्या ह्या टोकाला बाप, त्या टोकाला तो. पोरीला आत बोलावून उभं केलं. बाप तिच्याकडं न बघता म्हणाला, 'शांत आहे ती. तुम्हाला त्रास देणार नाही.' आणि दोघांनी हात मिळवले.

अभयनं पुस्तक एकदम मिटलं. समोरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला, तो त्याला ऐकू आला नाही. हेच वाक्य, अगदी हेच, जानेवारी महिन्यात त्याच्या तोंडून निघालं होतं. मुकुंदवाडीतल्या त्याच्या घरात, सोफ्यावर आपल्या मुलासाठी मागणी घेऊन आलेला सर्जेराव मांडी पसरून बसलेला, रूपा चहाचा ट्रे ठेवून आत वळलेली, आणि तो कौतुकानं, घरातली चांगली वस्तू दाखवावी तशा सुरात म्हणालेला, 'शांत आहे आमची पोरगी. तुम्हाला त्रास नाही द्यायची.' सर्जेराव खूश होऊन हसला होता आणि त्यानं हात पुढं केला होता. जाड, मऊ, थोडा ओला हात. तेव्हा तो ओलेपणा चहाच्या कपाचा वाटला होता. आता मात्र पोटातला रस गोडूस, कोमट होऊन घशाशी आला. त्यानं थुंकायला तोंड फिरवलं, तर शटरवर कुणीतरी आधीच थुंकून ठेवलेलं होतं, तांबडं, वाळलेलं, वरून खाली ओघळलेलं. ते बघून त्याला ओकारी आली. त्यानं कशीबशी गिळली. 'चला, झालं,' म्हणत सरिता जिना उतरली तेव्हा पुस्तक पिशवीत जसंच्या तसं होतं. 'घाम किती आलाय तुम्हाला,' ती म्हणाली. 'ऊन आहे,' तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रूपा नेहमीप्रमाणं क्लासला गेली. एम.एस्सी. झाल्यापासून ती एका खासगी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होती. अभयनं लग्नाच्या तयारीसाठी रजा टाकली होती, आणि पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या ती यादी करतो म्हणून तो रूपाच्या खोलीत जाऊन बसला. पुस्तक उशीखाली होतं. खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं. तिकीट हलू न देता तो वाचायचा, अकराच्या आत सगळं जागेवर ठेवायचा. असे पाच दिवस गेले. रोज खोलीतून बाहेर आला की साबणानं हात धुवायचा. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, म्हणून सरिता तांब्या तांब्या मोजून वापरायची. तिनं एकदा विचारलंच, 'यादी करताय का गवंडीकाम?'  शाई निघून जायची, पण नाकात त्या कागदाचा वास राहायचा, ओल्या पोत्यासारखा. आपण वयात आलेल्या लेकीचं पुस्तक तिच्या अंथरुणावर बसून चोरून वाचतोय, ही एक किळस. त्यात जे लिहिलं होतं त्याची दुसरी. तो म्होरक्या पोरीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात खोलीत कोंडतो, तिचा फोन फोडतो, तिच्या गळ्यावर हात ठेवून तिला 'माझी' म्हणतो. पुढची काही पानं अभय बोटानं दाबून, नजर वर करून उलटायचा, तरी एखादा शब्द डोळ्यांत शिरायचाच, केस शिरावा तसा. आणि ती पोरगी, आधी रडणारी, थुंकणारी, शंभर पानांनंतर त्याची वाट बघायला लागते. कोंडणारा हात आणि केस सावरणारा हात एकच, आणि लिहिणारीला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट गोडच वाटत होतं. मागच्या पानावर तिचा फोटो होता. हसतमुख बाई, मांडीवर पांढरं कुत्रं. ही बाई कुत्र्याला तरी असं कोंडत असेल का, असं त्याच्या मनात आलं.

ह्या घरातून आजवर एकही पुस्तक फेकलं गेलेलं नव्हतं. त्याचा बाप साहेबराव मोंढ्यात हमाल होता. पाठीवर पोती, आणि खिशात घडी घातलेलं काहीतरी छापील. तो अडखळत वाचायचा, पण वाचायचाच. पुस्तकाला हात लावायच्या आधी पंजे सदऱ्याला पुसायचा. लहानपणी अभयचा पाय एकदा पुस्तकाला लागला, आणि शाळेतल्या पोरांचं बघून त्यानं पुस्तकाच्या पाया पडायला हात लावला, तेव्हा बापानं त्याचा हात धरला. 'पाया कशाला पडतो रं? पाय लागला तर उचलायचं अन् वाचायचं.' ते वाक्य अभयनं जन्मभर पाळलं होतं, दुसऱ्यांना ऐकवलं होतं, रूपाला तर पाळण्यात असल्यापासून ऐकवलं होतं. तिला इंग्रजी शाळेत घातलं ते वाचता यावं म्हणूनच. आणि आता हमालाच्या नातीच्या उशीखाली हे. मोरीत नेऊन जाळावं असं एकदा वाटलं, तर हात उठेना. बाप असता तर म्हणाला असता, वाच. म्हणून तो वाचत होता, आणि वाचताना एक चमत्कारिक गोष्ट झाली होती. सगळं जग ज्या म्होरक्यासाठी हे पुस्तक वाचत असेल, त्याच्याशी अभयला काही देणंघेणं उरलं नव्हतं. तो बापाला शोधत होता. आता येईल, पुढच्या प्रकरणात येईल, काहीतरी म्हणेल. चोवीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजल्या, मोजायची सवय हाडात गेलेली. त्यानं मोजलं. तीनशे ब्याऐंशी पानांत बापाला चार पानं होती. एक टेबलाचं. एक लग्नाचं, त्यात तो पाहुण्यांशी हसून बोलतो. एक पोरगी गळ्यावर वळ घेऊन माहेरी येते तेव्हाचं, त्यात तो खिडकीबाहेर बघत 'आता तेच तुझं घर' म्हणतो. आणि एक मरणाचं. जावयाच्याच गोळीनं तो मरतो, आणि पोरगी रडत नाही. तिचे डोळे कोरडे होते, एवढंच लिहिलं होतं. त्याच्या मनात काय होतं, त्याला कशाची भीती होती, टेबलावरून उठल्यावर तो कुठं जाऊन बसला, काही नाही. लिहिणारीला त्याची गरज वाटली नव्हती. अभयला आधी राग आला तो ह्याचा. मग रागाची लाज वाटली.

कारण त्या बापाच्या मनात काय होतं ते त्याला नीट ठाऊक होतं. करमाडजवळ, जालना रोडच्या अलीकडं, गोजरबाई नावाच्या विधवा बाईची दीड एकर जमीन होती. शेंद्र्याला कारखाने आले तशी तिथल्या मातीला सोन्याची किंमत आली, आणि शेजारची सगळी जमीन सर्जेरावानं घेतली. सर्जेराव म्हणजे त्या भागातला भाऊ. प्लॉटिंग त्याचं, टँकर त्याचे, कारखान्यांना मजूर पुरवायचे ते त्याचे, सभेला माणसं न्यायची ती त्याची. दीड वर्षापूर्वी अभयनं तिथली हद्द मोजली, दगड पुरला. पंधरा दिवसांनी फेरतपासणीला गेला तर दगड गोजरबाईच्या वावरात चांगला पंधरा-सोळा फूट आत आलेला. माती ताजी होती. बाजूला सर्जेरावाची चार माणसं काही न बोलता उभी. गोजरबाई डोक्यावरचा पदर दातांत धरून जवळ आली. 'साहेब, दगड तुम्हीच पुरला. हितं व्हता का तितं?' तिनं काठीनं दोन्ही जागा दाखवल्या. अभय म्हणाला, 'कागद बघावा लागंल, बाई.' 'कागद कशाला? तुम्हाला दिसत नाय व्हय?' ती म्हणाली. त्याला दिसत होतं. त्यानं दगड जागेवर आहे असं लिहिलं आणि सही केली. एक पैसा घेतला नाही, ह्याचा वर अभिमानही बाळगला. घरी येऊन आंघोळ केली, जेवला. नंतर सर्जेरावाचे फोन यायला लागले, जयंतीला मोठा हार घालायला त्यानं अभयलाच पुढं केलं, आणि जानेवारीत आपल्या मुलासाठी, राजकुमारसाठी, मागणी घेऊन तो घरी आला. 'आता आपण घरचेच,' तो म्हणाला होता. त्याला नाही म्हणायची अभयची छाती नव्हती, आणि खरं तर नाही म्हणावंसंही वाटलं नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी दारात उभी राहिलेली ती पांढरी गाडी बघितली होती. भीतीला मान म्हटलं की ती अंगाला बरी लागते. पुस्तकातला बापही टेबलावर कडक इस्त्रीचा सूट घालून बसला होता.

सहाव्या दिवशी, शेवटच्या प्रकरणात, त्या पोरीला शत्रूची माणसं पळवून नेतात. तिला खुर्चीला बांधलेलं, दार बंद, आणि अभय पान उलटत होता, भराभर, ओठ न हलवता, आणि त्याच्या मनात आलं, ये लवकर, ये. तो म्होरक्या यावा म्हणून. ज्यानं कोंडलं, गळा धरला, बापाला मारलं, त्यानंच येऊन सोडवावं म्हणून एका बापाचं काळीज उडत होतं. हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची अशी शिसारी आली की पुस्तक हातातून पडलं. बसचं तिकीट उडून पलंगाखाली गेलं. तो गुडघ्यांवर वाकून ते काढायला लागला, आणि उघड्या पडलेल्या पानावर त्याला पेन्सिलीची रेघ दिसली. सबंध पुस्तकातली एकच. ज्या वाक्याखाली ती ओढली होती ते असं होतं: 'भीतीचीही सवय होते, आणि मग ती भीती राहत नाही.' रेघ पट्टीनं ओढावी तशी सरळ होती. रूपाचं सगळंच असं टापटीप.

'पप्पा?'

ती दारात उभी होती. क्लास लवकर सुटला असावा. खांद्याला बॅग, तोंडावरचा स्कार्फ अर्धा सोडलेला. अभय गुडघ्यांवर, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात तिकीट. लपवायला वेळ नव्हता आणि लपवावंसंही वाटलं नाही.

'हे काय वाचतेस तू?'

'पुस्तक आहे.'

'ते दिसतंय मला. असलं?'

'सगळ्या वाचतात. क्लासमधल्या पोरीचंच आहे, परत द्यायचंय.' तिनं बॅग खाली ठेवली. 'तुम्ही किती दिवस वाचताय?'

'तुला आवडतं हे?'

रूपानं स्कार्फ पूर्ण सोडला, घडी केली, घडीवर घडी केली. 'घाण आहे,' ती म्हणाली. 'पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जेवले नव्हते.'

'मग कशाला वाचतेस?'

'सवय लावून घेतेय.' ती हे एखादं सूत्र सांगावं तसं म्हणाली. 'आधी वाचून ठेवलं की कमी वाटतं. आणि ह्याच्यात तो शेवटी सुधारतो.'

अभय पलंगाची कड धरून उठला. गुडघा कटकन वाजला.  रूपा खिडकीकडं गेली आणि पाठमोरीच बोलायला लागली. 'वेरूळला गेलो होतो ना साखरपुड्यानंतर. तो, त्याची बहीण अन् मी. लेण्यात क्लासच्या सरांचा फोन आला, उद्याच्या बॅचचा. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, मेसेज, फोटो, सगळं. मग स्वतःच्या खिशात ठेवला. मी मागितला तर माझी मान धरली. मागून. अशी.' तिनं स्वतःच्या मानेवर पंजा ठेवून दाखवला. 'आणि बहिणीला म्हणाला, काढ फोटो. मम्मीनं स्टेटसला ठेवलेला तो फोटो तोच. आम्ही दोघंपण हसतोय त्यात. लग्नानंतर क्लास बंद म्हणाला. विचारलं नाही. सांगितलं.'

'मला का नाही सांगितलंस?'

रूपा वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. 'सांगितलं की. त्याच दिवशी घरी आल्यावर. मान दुखतेय म्हटलं, त्यानं धरली म्हटलं. तुम्ही टीव्ही बघत होतात. तुम्ही म्हणालात, प्रवासानं अवघडली असंल, बाम लाव.'

तो बाम त्याला आठवला. त्यानंच कपाटातून काढून दिला होता, आणि बाटलीच्या झाकणाला लागलेलं बोट पुसत पुन्हा टीव्हीसमोर बसला होता. काय लागलं होतं टीव्हीवर? आठवेना. आठवलं असतं तर थोडं बरं वाटलं असतं. पुस्तकातल्या बापाचं तिसरं पान, त्याच्या मनात आलं, खिडकीबाहेर बघणारं.  रूपा अजून काहीतरी म्हणत होती, 'पप्पा, मला...' असं काहीतरी. पण तो जिन्यात पोचला होता. किल्ली, चप्पल, स्कूटर. सरिता 'अहो जेवण' म्हणून ओरडली ते त्याला स्कूटर सुरू झाल्यावर ऐकू आलं.

जालना रोडवर दुपारी बाराचं ऊन डांबरातून वर येत होतं. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं, कंटेनरांच्या रांगा, टपऱ्या, प्लॉटिंगचे झेंडे. सर्जेरावाचं ऑफिस करमाडच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. काचेचं दार, आत बर्फासारखा एसी, भिंतीवर रंगवलेला लेआउट. राजकुमार उठून उभा राहिला. 'जय भीम, पप्पा.' दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास दिला. पोरगा देखणा होता, नम्र होता, नखं कापलेली होती. त्या नखांकडं बघत अभयनं ग्लास घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

'या इवाई, असं उन्हातान्हाचं?' सर्जेराव म्हणाला. 'फोन करायचा, गाडी धाडली असती.'

'लग्न करायचं नाही आम्हाला.'

 सर्जेरावानं मुलाला डोळ्यांनीच बाहेर घालवलं. मग खुर्ची मागं रेलवली. चिडला नाही. अभयला वाटलं होतं तो चिडेल, आणि त्या चिडण्यासमोर आपण ताठ उभे राहू. 'पोरीचं कुठं दुसरीकडं हाय का काय?'

'नाही.'

'पोरगी नाय म्हणती?'

अभय थांबला. पोरगी काय म्हणते, हे त्याला ठाऊक नव्हतं. 'मी म्हणतो,' तो म्हणाला.

सर्जेराव हसला, मनापासून, पोट हलवत. 'म्हंजी दिली बी तुम्हीच अन् काढून घ्यायला बी तुम्हीच. मंग मलाच कामून वाईट समजता, साहेब? आपुन दोघंबी बापच की.' त्यानं पेपरवेट उचलला, ठेवला. 'पोरांत काय झालं आसंल ते मिटंल. पोरगं तापट हाय, मी बोलतो त्याला.'

'आणि गोजरबाईचा दगड हललाय. मी तसं लिहून देणार आहे.'

'दीड सालानं?' आता त्याचा आवाज खाली आला. 'सही तुमचीच हाय त्याच्यावर.'

'माझीच आहे.'

'नोकरी जाईल.'

'जाईल.'

सर्जेरावानं त्याच्याकडं बघितलं. त्यात धमकी नव्हती, किंवा असेल तर ती पुढं कधीतरी यायची होती. तो जमिनीचा भाव लावताना बघतो तसा बघत होता. मग उठला आणि त्यानं हात पुढं केला. 'बरं. बघू.' आणि अभयनं तो हात हातात घेतला. सवयीनं. उभा राहिलेला माणूस हात पुढं करतो, समोरचा हात देतो, एवढ्याच सवयीनं. तोच जाड, मऊ, ओला पंजा. बाहेर आल्यावर त्यानं तो हात पँटीला पुसला, हँडलला पुसला, रस्त्याच्या कडेला थांबून मातीत घासला. सर्जेरावाचं वाक्य कानात होतं. दिली बी तुम्हीच.  इथवर येताना, खरं सांगायचं तर, आपण काहीतरी मोठं करतोय असं त्याला वाटलं होतं. पोरीला खुर्चीवरून सोडवायला निघालेल्या माणसासारखं. आता त्या वाटण्याचीच ओकारी यावी असं झालं होतं. तरी त्यानं एक गोष्ट केली. उद्यावर टाकलं तर आपण ते करणार नाही, एवढं तो स्वतःला ओळखत होता. वाटेतल्या झेरॉक्सच्या दुकानात कागद घेऊन त्यानं उभ्या उभ्या आठ ओळी लिहिल्या, दगड कुठं पुरला होता, नंतर कुठं दिसला, खोटं कुणी लिहिलं. सरळ आपल्या खात्याच्या ऑफिसात जाऊन आवकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला. टेबलावरच्या बाईनं वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं. 'वाहुळसाहेब, हे नक्की द्यायचंय?' 'शिक्का मारा,' तो म्हणाला.

घरी पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. सरिता आणि रूपा पुढच्या खोलीत बसल्या होत्या, मध्ये पत्रिकांचा गठ्ठा. त्यानं उभ्यानंच सांगितलं. मोडून आलो. सरिता आधी हसली, मग रडायला लागली. निम्म्या पत्रिका वाटल्यात, माहेरची माणसं काय म्हणतील, तो माणूस आपल्याला सुखानं राहू देईल का.  रूपा आईचं रडणं ओसरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, 'तुम्ही सांगून आलात?'

'हो.'

'मला न विचारता.'

अभयला वाटलं तिला नीट कळलं नसावं. 'अगं, तूच सकाळी सांगितलंस ना, त्यानं...'

'मी सांगत होते. माझं सांगून व्हायचं होतं.' तिनं पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. 'तुम्ही पहिल्यांदा ऐकत होतात, पप्पा. मला वाटलं आता बसाल. मी वळून बघितलं तर खाली स्कूटर चालू. जानेवारीत पण तुम्ही दोघांनीच ठरवलं, अन् आज पण तुम्ही दोघांनीच मोडलं. मी कुठं होते?'

'म्हणजे तुला करायचंय?'

'नाही करायचं!' ती ओरडली. सरिता दचकली. ह्या घरात रूपाचा असा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. 'नाहीच करायचं. पण ते मी म्हणायचं होतं ना. माझ्या तोंडानं. एकदा तरी.'

अभय खुर्चीवर बसला. शांत आहे ती, तुम्हाला त्रास देणार नाही. हे त्यानं कुणाबद्दल म्हटलं होतं? चोवीस वर्षांची ही बाई समोर उभी होती, लाल डोळ्यांची, नाक पुसणारी, आणि तिच्याबद्दल त्याला एवढं कमी माहीत होतं की ते लिहायला चार पानंही जास्त झाली असती. हात अजून चिकट लागत होता. 'मग मी काय करू?' त्यानं विचारलं. हे विचारताना त्याला फार म्हातारं वाटलं.

रूपानं टेबलावरचा फोन उचलला. 'तुम्ही खाली जा.'

'काय?'

'मी त्याला फोन करते. तुम्ही इथं असलात तर मी तुमच्यासाठी बोलेन. खाली जाऊन थांबा जरा. मम्मी, तू राहा पाहिजे तर.'

तो जिना उतरला. मधल्या पायरीवर पाय रेंगाळला. वरचं दार नीट लागलेलं नव्हतं, कान दिला असता तर ऐकू आलं असतं. तो उतरत राहिला, फाटकाबाहेर आला, रस्ता ओलांडून समोर मुनीबभाईच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. मुनीबभाई मंडप आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा, आणि दुकानात पंखा दुरुस्त करायला कुणीतरी मोटर घर्रकन फिरवत होतं. बरं झालं. वरचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

'क्या वाहुळसाब, उन्हात काय उभे?' मुनीबभाई स्टूल सरकवत म्हणाला. 'अच्छा झालं भेटले. अठरा तारीख पक्की ना? चारशे खुर्च्या अलग काढून ठेवतो. नंतर बोलू नका मिळाल्या नाही म्हणून. सीझन आहे.'

अभयनं तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं, सरळ, तयार. ते त्यानं गिळलं. 'रूपाला विचारून सांगतो,' तो म्हणाला.

मुनीबभाई हसला. 'खुर्च्यांचं पोरीला काय विचारता, साब?'

मोटर थांबली. गल्लीत एकदम शांत झालं, आणि वर गॅलरीचं दार उघडलं. रूपा कठड्यापाशी आली. फोन हातात होता, चेहरा रडून सुजलेला, केस गालाला चिकटलेले. तिनं आधी बापाकडं बघितलं, मग त्याच्या शेजारी बघितलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, 'मुनीबचाचा, खुर्च्या नकोत. लग्न होणार नाही. मी नाही म्हणून सांगितलंय.'

दोन घरांच्या खिडक्यांत माणसं आली. मुनीबभाईनं अभयकडं बघितलं, खरं का म्हणून. अभय वरच बघत होता.